रात्रपाळीचा वाद आणि बढतीची वाट

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये गुजरात विधानसभेने कारखाना कायद्यात दुरुस्ती केली. बायकांची लेखी संमती घेऊन आणि सुरक्षेच्या अटी पाळून त्यांना रात्रपाळीला कामावर ठेवायची मुभा मिळाली. पुढे २१ नोव्हेंबरला देशभर चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हीच मुभा सगळीकडे आली. तेव्हापासून बडोद्यात चार नोकरदार एकत्र आले की हा विषय निघतोच. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, निघतो, दांडिया बाजारात व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी निघतो, आणि मुलीला इंजिनिअरिंगला घालायचं की नाही याचा विचार चालू असलेल्या घरात तर जेवणाच्या ताटावर निघतो. एक बाजू म्हणते, रात्री दोन वाजता नंदेसरीच्या रस्त्यावर आपली मुलगी? नकोच ते. दुसरी म्हणते, कायद्याने दार उघडलंय, आता बायकांनीच आत्मविश्वासाने पुढे यायला हवं. दोन्हीकडचे लोक तळमळीने बोलतात, पण दोघांचीही चर्चा कारखान्याच्या गेटपाशी संपते. गेटमधून आत गेलेली बाई दहा वर्षांनी कुठे असते, हे कोणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं आहे की पुरुषांचा भरणा असलेल्या ठिकाणी बाई वर चढते की नाही, हे तिच्या धैर्यावर फार थोडं अवलंबून असतं. ते ठरतं पहिल्या तीन-चार वर्षांत तिला कोणत्या कामावर टाकलं यावरून. आणि हे कामावर टाकणं बहुतेक ठिकाणी चुकतं ते काळजीपोटी, तिचं भलं व्हावं म्हणून. द्वेषाशी भांडता येतं, तक्रार करता येते, समितीपुढे जाता येतं. काळजीविरुद्ध तक्रार कुठे करणार? म्हणूनच ही गोष्ट इतकी वर्षं टिकली आहे.

मी विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, म्हणजे कलाभवनात, केमिकल इंजिनिअरिंग शिकले आणि पुढे बरीच वर्षं शहराच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात, रणोली-बाजवा-नंदेसरी भागात नोकरी केली. तिथे हे रोज पाहिलं आहे. नवे ट्रेनी आले की यादी होते. मुलं प्रॉडक्शनला, मेंटेनन्सला, शिफ्टमध्ये. मुली क्वालिटी लॅबला, डिझाइनला, प्लॅनिंगला, ऑडिटच्या फायलींना. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं, आणि ते प्रेमळ असतं: "अगं, तुला कशाला ती दगदग? जनरल शिफ्ट कर, सहाच्या बसने घरी जा." पगार तोच, पदनाम तेच. मुलगीही सुटकेचा श्वास टाकते, घरचेही खूश होतात. कोणाचंच काही बिघडलेलं दिसत नाही.

बिघडतं काय, ते सकाळच्या मीटिंगमध्ये कळतं. समजा, रात्री दीड वाजता कॉम्प्रेसर ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला. सकाळी साडेआठला प्लांट हेड येतात, मोठ्या टेबलाभोवती सगळे बसतात. दोन वर्षांचा अनुभव असलेला एक पोरगा उठतो आणि सांगतो की आधी सक्शन प्रेशर पडलं, पॅनलवर ते उशिरा दिसलं, फील्डला माणूस पाठवला तर व्हॉल्व्ह अर्धवट अडकलेला होता, बायपास हाताने उघडला, चार वाजता प्लांट परत उभा केला. रात्रभराच्या जागरणाने त्याचे डोळे लाल असतात आणि गणवेशाला तेलाचे डाग असतात. प्लांट हेड त्याला दोन प्रश्न विचारतात, तिसरा प्रश्न विचारताना त्याच्या नावाने हाक मारतात. दुसऱ्या रांगेत त्याच्याच बॅचची मुलगी बसलेली असते. त्या कॉम्प्रेसरचे सगळे ड्रॉइंग तिला त्याच्यापेक्षा चांगले माहीत असतात, कारण स्पेअर पार्टची यादी तिनेच केलेली असते. पण रात्री ती तिथे नव्हती. ती मीटिंगचं टिपण घेते. अशा शंभर सकाळी गेल्यावर बढतीच्या मुलाखतीत दोघांनाही एकच प्रश्न विचारला जातो: "शटडाऊन कधी हाताळलाय?" प्रश्न एकच आहे, म्हणून मुलाखत निष्पक्ष. तिचं "नाही" हे उत्तर मात्र सहा-सात वर्षांपूर्वी, ती ट्रेनी असताना, दुसऱ्याच कोणीतरी देऊन ठेवलेलं असतं.

पाळीत राबणं म्हणजे काही भाग्य नव्हे, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याने झोपेची वाट लागते, पोट बिघडतं. पण प्रोसेस इंडस्ट्रीत, म्हणजे रसायनांसारख्या अखंड चालणाऱ्या कारखान्यांत, शिफ्ट इन्चार्ज होता येतं ते पाळ्या केल्यावर, प्लांट इन्चार्ज होता येतं ते शिफ्ट इन्चार्ज झाल्यावर, आणि वर्क्स मॅनेजरच्या खोलीपर्यंत याच जिन्याने जाता येतं. ट्रान्सफॉर्मर-स्विचगिअरच्या धंद्यात पाळीची जागा साइट घेते. ज्याने कमिशनिंग केलं, म्हणजे यंत्र जागेवर पहिल्यांदा चालू करून दिलं, ग्राहकाच्या सबस्टेशनवर उन्हात उभं राहून बिघाड शोधला, त्याचा शब्द पुढे चालतो. डिझाइन, क्वालिटी, प्लॅनिंग ही कामं कमी प्रतीची अजिबात नाहीत. मात्र या कामांतून वर जाणारा जिना दोन मजल्यांनंतर संपतो, आणि नेमक्या त्याच जिन्यावर मुलींना नेऊन उभं केलं जातं.

वेगळी, सुरक्षित, बायकांची म्हणून राखलेली वाट शेवटी कुठे जाते, हे मराठी माणसाला कुणी सांगायला नको. आपल्याच मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास समोर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. पण त्या होत्या कुठे? रीलिंग आणि वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यात. मागावर पुरुष. त्या खात्यांमध्ये बायकांवर देखरेख करणारी बाई असे, तिला नायकीण म्हणत. म्हणजे बढती होतीच की! कामगारणीची नायकीण होई, तिचा दरारा असे, कामावर कोणाला घ्यायचं ते तीच ठरवी. परंतु तिचा अधिकार तिच्या खात्याच्या भिंतीपर्यंतच. पुढे वाइंडिंगला नवी यंत्रं आली, गिरण्या दोन-तीन पाळ्यांमध्ये चालू लागल्या, रात्री बायका ठेवता येत नाहीत म्हणून त्या खात्यांतही पुरुष शिरले. बायका गेल्या, त्यांच्याबरोबर नायकिणीही गेल्या. सबंध गिरणीत दुसरं कुठलं काम त्यांना कोणी शिकवलेलंच नव्हतं, मग दुसरीकडे सामावून घेणार कुठे? आज लॅबमधलं विश्लेषण आपोआप होऊ लागलंय, कागदपत्रं सॉफ्टवेअर करतंय. या खात्यांना कात्री लागेल तेव्हा कोण बाहेर पडणार, याचा अंदाज बांधायला ज्योतिषी नको.

आता समोरच्यांचं म्हणणं नीट ऐकू या, कारण त्यात तथ्य आहे. पहिला मुद्दा सुरक्षेचा. बायकांच्या रात्रपाळीवर बंदी घालणारे लोक दुष्ट नव्हते. १९१९ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ती बंदी जगभर नेली, भारताने तो करार स्वीकारला आणि १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ६६व्या कलमात सकाळी सहा ते संध्याकाळी सात ही वेळ लिहिली गेली. ज्या काळात गिरणीत बायका पोरं कडेवर घेऊन राबत, त्या काळात या नियमाने कित्येकींचे जीव वाचले असतील. आजही रस्त्यांवर दिवे नाहीत, पाळी सुटताना रिक्षा मिळत नाही, आणि काही बरंवाईट झालं तर आधी खात्याच्या साहेबाला धरतात. त्यामुळे एखादा साहेब "नको बाबा" म्हणाला तर त्याला मी भित्रा म्हणणार नाही.

पण मग याच शहरातल्या सयाजी हॉस्पिटलमध्ये नर्सेस कधीपासून रात्रपाळी करत आल्या आहेत? तिथे कोणाला अंधाराची भीती वाटली नाही? घराघरांतून पहाटे चारला उठून भाजीच्या पाट्या घेऊन निघणाऱ्या बायकांसाठी कोणी कायदा केला? रात्रीचा धोका आपल्याला नेमका तिथेच का दिसतो जिथे रात्रीच्या कामातून अधिकाराची जागा मिळते? ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरची ड्यूटीवर असताना हत्या झाली. सुरक्षेच्या बाजूने याहून भयंकर दाखला असू शकत नाही. त्यानंतर पश्चिम बंगाल सरकारने महिला डॉक्टरांना शक्यतो रात्रीची ड्यूटी देऊ नये असं ठरवलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. सुरक्षा देणं हे सरकारचं काम आहे, बायकांना रात्री काम करू नका म्हणता येणार नाही, असं न्यायालयाने बजावलं. मद्रास उच्च न्यायालयाने तर २००० सालीच ६६व्या कलमातली रात्रीची बंदी घटनाबाह्य ठरवली होती. धोका रस्त्यावर असेल तर बंदोबस्त रस्त्याचा करावा लागतो. बाईचं काम काढून घेतल्याने रस्ता सुरक्षित होत नाही, उलट तिथे वर्दळ आणखी कमी होते.

आणि सुरक्षेच्या नावाखाली किती साध्या गोष्टी झाकल्या जातात! मी जिथे होते त्या एका कंपनीत, नाव घेत नाही, कंट्रोल रूमच्या इमारतीत बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. सर्वात जवळचं म्हणजे ॲडमिन बिल्डिंगमधलं. हेल्मेट, सेफ्टी शूज घालून, पाइपरॅकखालून, पावसाळ्यात चिखलातून तिथे जायचं आणि तेवढा वेळ पॅनल दुसऱ्याच्या भरवशावर सोडायचं. पाणी कमी प्यायची सवय लागते, मग दुखणी मागे लागतात. स्वच्छतागृह बांधून द्या म्हटल्यावर उत्तर काय मिळालं? तुम्हाला ॲडमिनच्या बाजूच्या खात्यातच घेतो, म्हणजे त्रास नाही. वास्तविक स्त्री-पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहं असावीत हे १९४८ च्या त्याच कायद्याच्या १९व्या कलमात लिहिलेलं होतं. ६६वं कलम सगळ्यांनी काटेकोरपणे पाळलं, १९वं कोणाला आठवलं नाही. संरक्षण कोणतं पाळायचं आणि कोणतं विसरायचं, याची निवड झाली, आणि बाईला बाहेर ठेवणारं पाळलं गेलं.

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. बायका स्वतःच नको म्हणतात. लग्न ठरलं की जनरल शिफ्ट मागतात, मूल झालं की नोकरी सोडतात, कंपनीचा प्रशिक्षणाचा खर्च वाया जातो. हे खोटं नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. पावणेपाच तासांहून जास्त घरकाम करून पाळी करणारी बाई थकून "नको" म्हणाली तर नवल काय? अर्थशास्त्राचं २०२३ चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी हेच दाखवलं आहे: जिथे कधीही हाक मारली की हजर व्हावं लागतं, अशा नोकऱ्या पैसे आणि पद दोन्ही जास्त देतात, आणि घरात दोघांपैकी एकालाच तशी नोकरी झेपते. तो एक कोण असतो, हे सांगायची गरज नाही. तेव्हा सगळा दोष कारखान्याचा म्हणणं हा अन्याय होईल. अर्धा प्रश्न स्वयंपाकघरातला आहे आणि तो कुठलाही वर्क्स मॅनेजर सोडवू शकणार नाही.

तरीही या मुद्द्यात एक खोट आहे. नोकऱ्या पुरुषही सोडतात. बडोद्यातले प्लांट ऑपरेटर आणि इंजिनिअर दहेजला जातात, जामनगरला जातात, संधी मिळाली की आखाती देशांत जातात. दोन-तीन वर्षं शिकून, पॅनलवर हात बसल्यावर जातात. म्हणून कोणी कधी असं म्हटलंय का, की मुलांना शिफ्टला घालू नका, ही कतारला पळतील? मुलगा पळाला तर ती बाजाराची रीत, मुलगी गेली तर तो साऱ्या स्त्रीजातीचा स्वभाव. आणि बाई जाते तेव्हा काय सोडून जाते, तेही बघायला हवं. पाच वर्षं फायली लावल्यानंतर पुढे काहीच दिसत नसेल, तर त्या नोकरीसाठी सासरी भांडायचं कशाच्या जोरावर? शिफ्ट इन्चार्जचं पद दिसत असेल तर बाई आईला बोलावून घेते, सासूला विनवते, नवऱ्याला पोळ्या लाटायला लावते. मी हे केलेल्या बायका ओळखते. ज्या वाटेला पुढे काही नाही, ती कोणीही आधी सोडतो.

तिसरा मुद्दा गुणवत्तेचा: आम्ही स्त्री-पुरुष पाहत नाही, कामगिरी पाहतो. हे सर्वात प्रामाणिकपणे म्हटलं जातं आणि सर्वात कमी तपासलं जातं. भारतीय लष्कराचं उदाहरण इथे अगदी चपखल आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन द्यायला सांगितलं, तेव्हा सरकारचा एक युक्तिवाद असा होता की तुकड्यांतले बहुतेक जवान खेड्यांतले पुरुष, बाईचा हुकूम ऐकायची त्यांची मानसिक तयारी नाही. न्यायालयाने तो फेटाळला आणि कमांडची पदंही सरसकट नाकारता येणार नाहीत असं सांगितलं. झालं, दार उघडलं! पण त्या अधिकाऱ्यांना लवकरच पुन्हा न्यायालयात यावं लागलं. का? कायमस्वरूपी कमिशनसाठी त्यांचे जुने गोपनीय अहवाल पाहिले गेले. हे अहवाल लिहिले गेले तेव्हा या बायका पुढे जाणारच नाहीत असं गृहीत होतं, त्यामुळे ते वरवर, निष्काळजीपणे लिहिलेले होते. शारीरिक क्षमतेचा जो निकष पुरुषांना तरुणपणी लागला, तोच यांना चाळिशी-पन्नाशीत लावला. वरून पाहता नियम सगळ्यांना सारखा. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. माझ्या मते आपल्या देशातल्या प्रत्येक बढती समितीने तो निकाल वाचायला हवा. कारखान्यांतल्या अप्रेझलमध्ये वेगळं काय चालतं? मुलीच्या फॉर्मवर "सिन्सिअर, कोऑपरेटिव्ह", मुलाच्या फॉर्मवर "टेक्स ओनरशिप, हँडल्ड एमर्जन्सी". तिला एमर्जन्सी हाताळायला दिलीच नव्हती, तर साहेब तरी दुसरं काय लिहिणार? गुणवत्ता मोजण्याआधी ती दाखवायची जागा वाटली जाते, आणि ते वाटप कुठल्याही फॉर्मवर नोंदलं जात नाही.

याच्या उलट एक वाट बघा. साताऱ्याच्या सुरेखा यादव, कराडच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, १९८९ मध्ये रेल्वेत सहायक चालक. पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. मला महत्त्वाची वाटते ती पुढची वाट. त्यांनी मालगाड्या चालवल्या, घाटात गाड्या चालवल्या, आणि २०११ मध्ये पुणे-मुंबई डेक्कन क्वीनवर बसल्या. २०२३ मध्ये वंदे भारत चालवली, सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. त्या सुरक्षित राहाव्यात म्हणून कोणी त्यांना कायम यार्डात शंटिंगला किंवा चौकशीच्या खिडकीत बसवलं असतं, तर डेक्कन क्वीनच्या वेळी त्यांना कोणी विचारलं नसतं, आणि विचारणंही बरोबर ठरलं नसतं. रेल्वेत बढतीचे टप्पे ठरलेले असतात आणि ते ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या टप्प्यांवर बाईलाही उभं केलं, यातच सगळं आलं.

बडोद्यात या विषयावर बोलताना हंसाबेन मेहतांचं नाव हमखास येतं, आणि यायलाच हवं. १९४९ साली या शहरातल्या सहशिक्षणाच्या विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलगुरू झाल्या, देशात असा मान मिळालेली पहिली बाई. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'ऑल मेन'च्या जागी 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आलं ते त्यांच्या आग्रहाने. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे. मग लोक म्हणतात, बडोदा पुढारलेलंच आहे, इथे बाईला कोण अडवतंय? पण सर्वात वरची एक खुर्ची बाईला मिळाल्याने मधले मजले भरत नाहीत. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना निदान एक महिला संचालक सक्तीची केली. अनेक कंपन्यांनी काय केलं? प्रवर्तकांच्या घरातली पत्नी, सून, मुलगी बसवली. म्हणून सेबीला पुढे मोठ्या कंपन्यांसाठी स्वतंत्र महिला संचालकाची अट घालावी लागली. माळ्यावर एक बाई बसवणं सोपं असतं, कारण त्यासाठी खालचा जिना दुरुस्त करावा लागत नाही.

बडोद्याच्या इतिहासातून मी दुसरीच गोष्ट उचलेन. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. मुलींची सक्तीची वर्षं मुलांपेक्षा कमी ठेवली, हा त्या काळाशी केलेला समझोता होता. पण त्यांनी आईबापांची तयारी होण्याची वाट पाहिली नाही, तुमच्या मुलीला पाठवायचं का अशी घरोघरी विचारणा केली नाही. शाळेत जाणं हा नियम केला आणि सवलत मागायची तर पालकांनी मागावी, असं ठेवलं. विचारत बसले असते तर बडोद्यातल्या मुली पाटी-पेन्सिल कधी धरत्या?

कामगार संघटनांचा एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. रात्रपाळीची मुभा देणाऱ्या गुजरातच्या त्याच दुरुस्तीत आठवड्याची ४८ तासांची मर्यादा ठेवून दिवसाचं काम १२ तासांपर्यंत नेण्याची सोय केली गेली. १२ तास पाळी, वर बसचा प्रवास, वर ती २८९ मिनिटं. रात्रपाळीची मुभा आणि लांब दिवस एकाच कायद्यात बांधले की पहिल्याचं श्रेय घेऊन दुसऱ्याने बाईला बाहेर ढकलता येतं. बायकांना रात्री काम करता यावं असं म्हणणाऱ्यांनी आठ तासांच्या पाळीसाठीही तितक्याच जोराने उभं राहायला हवं, नाहीतर ते बाईच्या बाजूचे नाहीत, फक्त यंत्र चोवीस तास चालण्याच्या बाजूचे आहेत. आणि पॅकिंगमध्ये कंत्राटावर उभ्या असलेल्या बायकांचं नावही या चर्चेत येत नाही. त्यांच्याशेजारचा हेल्पर मुलगा ऑपरेटरच्या हाताखाली मशीन शिकतो, त्या वर्षानुवर्षं बॉक्सवर लेबल लावतात. इंजिनिअर मुलीला वरचा जिना मिळत नाही, यांना पहिलं पाऊल टाकायलाही जागा नाही.

छोट्या उद्योगांची अडचणही खरी आहे. २०१७ पासून प्रसूतीची पगारी रजा २६ आठवडे झाली आणि ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, कक्षेबाहेरच्या बायकांसाठी तिचा खर्च मालकानेच करायचा. मकरपुऱ्यात चाळीस माणसांचा वर्कशॉप चालवणाऱ्याला तो जड जातो, म्हणून तो मुलीच घेत नाही. हा खर्च सामाजिक विम्यातून व्हायला हवा, एकट्या मालकावर टाकणं चूक आहे. कायदा लिहितानाही डोकं वापरावं लागतं: जुन्या कारखाना कायद्यात पाळणाघर ३० पेक्षा जास्त बायका असतील तर सक्तीचं, म्हणजे तिसाव्या बाईशी भरती थांबवायला कारणच मिळालं. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने स्त्री-पुरुष मिळून ५० कर्मचारी मोजले, ते शहाणपणाचं झालं. बसचंही तसंच. एका वर्कशॉपला रात्रीची बस परवडणार नाही, पण एका इस्टेटमधल्या साठ युनिट्सना मिळून नक्की परवडेल.

राहिली ती लेखी संमती. कायद्यात ती आहे आणि असायलाच हवी, जबरदस्ती कोणावर नको. पण ती कधी विचारायची, यावर पुढचं सगळं ठरेल. आज काय होईल ते मला दिसतंय. ट्रेनी मुलगी रुजू होण्याच्या दिवशीच एचआरमध्ये फॉर्म पुढे येईल, समोरचा माणूस समजुतीच्या सुरात म्हणेल, "बेन, आत्ता नाही लिहिलं तरी चालेल." ती नाही लिहील, आणि त्या एका सहीवर पुढची पंधरा वर्षं कंपनी हात झटकेल. त्याऐवजी ट्रेनींच्या पाळ्यांची आणि साइटची एकच यादी व्हावी, बॅचमधल्या सगळ्यांची, त्यात मुलींची नावं मुलांसारखीच फिरती असावीत. यादी लागल्यावर, बसची वेळ, थांबा आणि पाळीत सोबत कोण आहे हे सांगून, मग संमती विचारावी. ज्या मुलाला अडचण असेल, आई आजारी असेल, त्यालाही तोच फॉर्म मिळावा. एकदा दिलेला नकार सहा महिन्यांनी पुन्हा विचारला जावा. बाळंतपणाहून परतलेल्या बाईचं नाव, तिने स्वतः वेगळं मागितलं नसेल तर, ती गेली त्याच पाळीच्या यादीत परत यावं. आणि वर्षअखेरीला प्रत्येक खात्याने दोन आकडे नोटीसबोर्डावर लावावेत: किती मुली ट्रेनी म्हणून शिफ्टला किंवा साइटला गेल्या, आणि त्यांतल्या किती शिफ्ट इन्चार्ज झाल्या. कॅम्पसला मुलाखती घ्यायला येणाऱ्या कंपन्यांना कलाभवनातल्या मुलींनी पगाराच्या आधी हेच दोन आकडे विचारावेत, आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या आईवडिलांनीही.